बाबुजींचा निळा

मला साखरेची बिमारी आहे हे आमच्या पवनीच्या घरात चौघांना ठाऊक होतं: बाबुजींना, मायला, थोरल्या शकुताईला आणि मला. आमच्याही आधी ते कळलं होतं मुंग्यांना. मी मोरीतून बाहेर आले की थोड्याच वेळात तिथं मुंग्यांची रांग लागायची. माय घासून घासून मोरी धुवायची आणि गूळ सांडला म्हणून मला नि ताईला बोलायची. मी तेव्हा बारा वर्षांची असेन. गडवेच्या गडवे पाणी प्यायचे, ताट भरून भात खायचे आणि तरी वाळत चालले होते. शेवटी शाळेत भोवळ येऊन पडले. भंडाऱ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाबुजींना सांगितलं, या मुलीला आता जन्मभर रोज सुई घ्यावी लागेल. बाबुजी म्हणाले, "घेऊ." सुई जशी काही त्यांनाच टोचायची होती. माय बाहेर बाकावर बसली होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं एकच विचारलं, "हे कोनाले सांगाचं नाही ना?"

मायला नावं ठेवू नका. मी पुष्कळ वर्षं ठेवली, आता ठेवत नाही. शकुताईसाठी स्थळं पाहणं सुरू झालं होतं. धाकटीला असं काही आहे म्हटलं की थोरलीच्याही रक्तात असेल, असं लोक बोलणार, आणि लोकांचं बोलणं आमच्या गल्लीत मागाच्या धोट्यापेक्षा वेगानं इकडून तिकडे जायचं. म्हणून मायनं घरात कडक नियम केले. औषधाची बाटली माठाखालच्या ओल्या रेतीत, डबीत घालून पुरायची. सुई घ्यायची ती मागच्या खोपीत, दार लावून. काचेची पिचकारी रोज सकाळी चुलीवरच्या गंजात पाणी घालून उकळावी लागे, आणि नेमकी त्याच वेळी शेजारची सरूकाकू विस्तव मागायला यायची. "काय उकळून राहिली वं?" असं तिनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा माय गडबडून "अंडं" म्हणाली. मायच्या गळ्यात तुळशीची माळ. अंड्याचा वासही तिला चालत नसे. पण एकदा अंडं म्हटलं ते म्हटलं, मग रोजच अंडं झालं. हे माळकरी घर रोज सकाळी चोरून अंडं खातं अशी गल्लीभर बोंब झाली. माय ती मान खाली घालून सोसायची. बिमारीपेक्षा अंडं बरं, असं तिचं गणित होतं.

आमच्या बैठकीत दोन माग होते आणि दिवसभर खट्-खट् चालायचं. त्या आवाजाची इतकी सवय की तो थांबला की आम्ही दचकायचो. मागे परसात बाबुजींची रंगाची खोपी होती. तिथं लोखंडी टाक्या, चुली, आणि बांबूवर वाळत घातलेल्या सुताच्या ओल्या लड्या. बाबुजी विणत तर होतेच, पण नाव होतं त्यांच्या रंगाईला. गावातले दुसरे विणकर सूत रंगवायला त्यांच्याकडे आणत. त्यांचे हात कोपरापर्यंत कधी जांभळे, कधी हिरवे. मला सुई देताना ते साबणानं हात रगडून धुवायचे, आणि तरी माझ्या दंडावर त्यांच्या अंगठ्याचा पुसट ठसा राहायचा.

आजच्या मुलांना सांगितलं तर हसतात. तेव्हा बोटाला टोचून आकडा दाखवणारं यंत्र आमच्यापर्यंत आलेलं नव्हतं. काचेच्या नळीत एक निळी दवा घ्यायची, तीत आपल्या लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी दिव्यावर धरून उकळवायची. निळं निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं तर जास्त, नारिंगी त्याहून जास्त, आणि विटेसारखं लाल झालं तर संपलंच. दवाखान्यातून एक छापील कागद मिळाला होता, त्यावर हे पाच रंग होते. बाबुजींनी तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "हा हिरवा कोन्या आंधळ्यानं छापला?" मग त्यांनी तो कागद खुंटीला लावून दिला आणि कधी पाहिला नाही. त्यांना लागतच नव्हता. नळी खिडकीशी धरून ते सांगायचे, "आज पोपटी आहे," "आज कच्च्या हळदीचा," "आज गेरू." या एका कामात ते डॉक्टरांपेक्षा हुशार होते, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

पण त्या नळीनं माझा जीव खाल्ला होता. निळा आला की माय गुणगुणत चुलीशी बसायची. गेरू आला की ती कपाळाला हात लावून खाली बसायची, शकुताई स्वतःच्या चहातली साखर बंद करायची, आणि बाबुजी मागावर जाऊन बसायचे. कोणी मला रागवत नसे. रागवले असते तर बरं झालं असतं. रोज सकाळी माझ्या वागणुकीचा निकाल लागायचा आणि नापास मी झाले तरी उपाशी सगळं घर राहायचं. मी चोरून खायचे का? खायचे. शिंगाडे खायचे, मोहफुलं खायचे, एकदा देवापुढचा बत्तासा खाल्ला होता. पण काही न खाताही गेरू यायचा, आणि हे कोणाला पटवून द्यायचं ते मला कळत नव्हतं. त्यात आमचा मुलूख भाताचा. डॉक्टरांनी भात जवळजवळ बंद केला, जवारीची भाकर सांगितली. कुणाच्या घरी जेवायला गेलं की मी एकटी भाकर कशी मागणार? मग माय मला घरीच ठेवायची, आणि लोकांना सांगायची की मंदाचं डोकं दुखून राहिलं. माझं डोकं गल्लीत कोणाचं दुखलं नसेल इतकं त्या दोन वर्षांत दुखलं.

त्या हिवाळ्यात बाबुजी लुगडी विकायला दहा दिवसांसाठी रायपूरकडे गेले. जाताना मला जवळ बसवून म्हणाले, "नळी तूच पाहाची. सुई माय देईन." ते परत येतील त्याच दिवशी शहापूरची मंडळी शकुताईला पाहायला येणार होती. त्यांचं कापडाचं दुकान, मुलगा दुकानात बसणारा, घर चांगलं. मायनं आठ दिवस आधीपासून भिंती सारवायला काढल्या.

बाबुजी गेल्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी खोपीत नळी उकळायची तयारी करत होते, तोच सरूकाकूचा आवाज आला, आणि आवाजामागून ती स्वतः थेट परसात. मी निळ्या दवेची बाटली झटकन परकराच्या ओच्यात लपवली. बूच सैल होतं. सगळी दवा माझ्या मांडीवरून खाली ओघळली. काकूनं पाहिलं, पण रंगाऱ्याच्या घरात पोरीच्या परकरावर निळा डाग पडला तर त्यात पाहण्यासारखं काय? ती विस्तव घेऊन निघून गेली. मी रिकामी बाटली हातात धरून बसले. ती दवा मिळायची भंडाऱ्याला, आणि आणणारे होते बाबुजी. मायला सांगावं तर पाहुणे यायच्या तोंडावर दवा सांडली हा ती केवढा अपशकुन धरेल. समोर टाकीत बाबुजींचा निळा रंग होता. मी तो पाण्यात पातळ केला, उजेडात धरून पाहिला, अजून थोडं पाणी घातलं, आणि बाटली भरून जागेवर ठेवली. मी रंगाऱ्याची मुलगी, मला ते चांगलं जमलं. बाबुजी आले की त्यांना सांगू, असं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं.

दुसऱ्या सकाळी नळी उकळली. निळी. निळीच राहणार, तिला दुसरं काय येत होतं? मायनं ती दोनदा उजेडात धरून पाहिली. तिसऱ्या दिवशी निळी. चौथ्या दिवशी माय नळी घेऊन शकुताईकडे पळत गेली. मला तेव्हा कळलं की बाजारात बसणाऱ्या एका जडीबुटीवाल्याकडून तिनं गुडमारची पूड आणली होती, आणि बाबुजी गेल्यापासून ती माझ्या ताकात घालत होती. "त्यानं सांगतलंच होतं," माय म्हणाली, "आठ दिवसांत साखर मरन म्हने." तिचा चेहरा मी इतका मोकळा कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी तिनं माझ्या ताटात भात वाढला. दोन वर्षांनी. वाफाळता भात, वर लाखोळीचं वरण, वर तुपाची धार. मी तो खाल्ला. खोटं कशाला बोलू, फार गोड लागला. शकुताई समोर बसून माझ्याकडे पाहत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आता या दोघींना मी काय सांगणार होते?

आणखी दोन दिवसांनी सकाळी मी दंड पुढे केला तर मायनं तो मायेनं खाली केला. "आता सुई नको. साखरच नाही तं सुई कायले? शहापूरवाले आले का मले खोटं बोलाव लागनार नाही, मंदे. दोन वर्सं झाले मी खोटं बोलून राहिली." मी तोंड उघडलं होतं. आज इतकी वर्षं झाली, तरी ते उघडलेलं तोंड मला आठवतं. शब्द अगदी ओठांवर होते, पण माय इतकी सुखात होती की मी तोंड मिटलं. मला वाटलं, दोन-तीन दिवसांनी काय होतं.

काय होतं ते मला लवकरच कळलं. त्याच रात्री तहान सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पोटात दुखायला लागलं. तिसऱ्या सकाळी मला दोन उलट्या झाल्या आणि माय म्हणाली, भाताची सवय सुटली म्हणून. तेवढ्यात बाबुजी आले. खांद्यावरचं गाठोडं खाली ठेवायच्या आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागाच्या खांबाला टेकून बसले होते आणि जोरजोरानं श्वास घेत होते. माय त्यांना आनंदानं सगळं सांगत होती, पूड, आठ दिवसांचा निळा रंग, सुई बंद. बाबुजींनी माझ्या तोंडाशी नाक आणलं. दोन वर्षांपूर्वीही माझ्या श्वासाला असाच पिकून गेलेल्या फळासारखा वास आला होता. ते म्हणाले, "नळी दाखव."

सकाळची नळी खोपीतच होती. त्यांनी ती खिडकीशी धरली. एकदाच पाहिली. मग माझ्याजवळ उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "दवेचा निळा मोरचुदाचा असते, मंदा. थोडा हिरव्याकडे जाते. हा लालीकडे चालला. हा निळा माहा हाय."

मी रडले. रडताना सगळं सांगितलं की नाही आठवत नाही, पण त्यांना सांगायची गरज नव्हती. माय दाराशी उभी होती. तिच्या हातात पाहुण्यांसाठी भिजवलेल्या पोह्यांची परात होती, ती तिनं तशीच जमिनीवर ठेवली. आणि नेमका तेव्हाच गल्लीत जीपचा आवाज आला.

माय बाबुजींच्या जवळ जाऊन म्हणाली, "अर्धा घंटा. त्याहिले पोहे खाऊ द्या, जाऊ द्या. मंग नेऊ." बाबुजी तिच्यावर ओरडले नाहीत. माझे बाबुजी ओरडणारे नव्हतेच. त्यांनी माठाखालची रेती उकरून डबी काढली, पिचकारी गंजात टाकली, आणि तो गंज घेऊन समोरच्या बैठकीत आले. खोपीत नाही, बैठकीत. शेगडी मधोमध ठेवली. शहापूरची मंडळी पायातल्या चपला काढत होती: मुलगा, त्याचा काका, आणि मुलाची आई, ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई. बाबुजी हात जोडून त्यांना म्हणाले, "पाव्हने, बसा म्हनाची वेळ नाही. माह्या लहान पोरीले साखरेची बिमारी हाय. दोन वर्सं झाले, आमी लपवली. आता तिले भंडाऱ्याले न्या लागते. तुमची जीप पाहिजे."

 गंजात पाणी उकळत होतं, काच काचेवर वाजत होती. मग ती चष्म्याची बाई म्हणाली, "मंग सुई लवकर द्या ना. पाहून काय राहिले?"

त्या प्रवासातलं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. जीप मागून उघडी होती. माझं डोकं त्या परक्या बाईच्या मांडीवर होतं, आणि पाय शकुताईच्या. ताईची अर्धी वेणी घातलेली होती, अर्धे केस मोकळे. पाहुण्यांसाठी तिनं नेसलेलं कोरं लुगडं मी जीपमध्ये चढतानाच ओकून खराब केलं होतं. अड्याळच्या पुढे मुलाच्या काकानं बिडी पेटवली तेव्हा शकुताई, जी परक्या माणसांसमोर मान वर करत नसे, ती त्याला म्हणाली, "काकाजी, फेका ते. तिले श्वास घेता येऊन नाही राहिला." त्यानं फेकली. मुलगा पुढे ड्रायव्हरजवळ बसला होता आणि सारखा मागे वळून पाहत होता. ताईला पाहत होता की मला, ते मी त्याला पुढे खूप वर्षं चिडवून विचारत असे. माय येऊन जीपच्या कोपऱ्यात बसली होती. ती मला इतकंच म्हणाली, "मी तुले मारलं असतं वं माय." मी म्हणाले, "मीच मरत होतो." 

दवाखान्यात सहा दिवस होते. बाटल्या चढल्या, सुया झाल्या, आणि तिसऱ्या दिवशी मला लख्ख जाग आली तेव्हा पहिल्यांदा भूक लागली. ती भूक मला आजही लागल्यासारखी वाटते. जगले हे मला त्या भुकेनं सांगितलं. पण माझ्या जगण्यामागोमाग दुसरी धास्ती होती: ताईचं स्थळ मी मोडलं. माय तसं बोलत नव्हती, पण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पायरवाकडे ती मान वळवून पाहायची. चौथ्या दिवशी दुपारी ती शहापूरची बाई आली. हातात डबा. माझ्या खाटेवर बसून तिनं तो उघडला. जवारीची भाकर, मेथीची भाजी, आणि बाजूला एवढासा भात. "जीपमंदी तुह्या बाबानं सांगतलं होतं," ती म्हणाली, "भाकर जास्त, भात थोडा. बरोबर हाय ना?" मी मान हलवली. माय उभीच होती. शेवटी तिच्यानं राहवलं नाही. "बाई, आमच्या शकूचं तं पाहनंच राहून गेलं."

"राहून कुठी गेलं?" ती बाई भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली. "जीपमंदी पाहून झालं. पोरगी पसंत हाय." मग मायकडे वळून तिनं चष्मा सारखा केला. "एक मातर सांगतो विहीनबाई. लग्नात हे पोरगी कोपऱ्यात नाही बसली पाहिजे. माह्या घरी काही लपवाचं नाही. मले दिसते कमी, लपवलं तं काहीच नाही दिसत." माय हसली. मग पदर तोंडाला लावून रडली. मग भाकरीच्या डब्याशी बसून तिनं, चार दिवसांनी, पहिल्यांदा घास खाल्ला.

लग्नात मी मांडवातच सुई घेतली. सरूकाकू डोळे फाडून पाहत राहिली आणि मग मायला म्हणाली, "म्हंजे ते अंडं नव्हतं?" मला वाटतं त्या लग्नात माय सर्वांत जास्त त्या वाक्यावर खूश झाली. पंगतीत माझ्या एकटीच्या पानावर भाकर होती. दोन बायांनी काहून म्हणून विचारलं, मी सांगितलं, त्यांनी "अस्सं" म्हटलं आणि आपला भात कालवला. एवढंच. दोन वर्षं ज्याची भीती धरली ते एवढंच निघालं. पुढे माझं स्थळ पाहताना दोन घरं माघारी गेलीही, नाही असं नाही, पण ती सांगून गेली, आम्हीही सांगून मोकळे झालो होतो.

आता माझ्याकडे आकड्याचं यंत्र आहे. नातू बोट टोचून देतो आणि आकडा मोठ्यानं वाचतो, शेजारीपाजारी ऐकतात. पण कपाटात एक पुठ्ठा जपून ठेवलेला आहे. त्यावर सुताच्या पाच बारक्या लड्या गुंडाळलेल्या आहेत: निळी, हिरवी, पिवळी, नारिंगी, विटकरी. दवाखान्यातून आल्यावर बाबुजींनी तीन दिवस खोपीत बसून ते पाच रंग नळीतल्या रंगाशी ताडून काढले, छापील कागद खोटा म्हणून. निळ्याला त्यांना सर्वांत जास्त वेळ लागला. थोडा हिरव्याकडे जायला हवा होता.

दवाखान्यातून घरी आल्यावरची ती पहिली सकाळ. नवी बाटली, नवी दवा. मी आठ थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळा गेला, हिरवा आला, हिरवाही गेला आणि पिवळ्यावर थांबला. पूर्वीच्या हिशेबानं हा नापासाचा रंग. मी मायकडे पाहिलं. बाबुजींनी नळी खिडकीशी नेली, इकडून पाहिली, तिकडून पाहिली. "हळदीचा," ते म्हणाले. "बरा हाय."

माय चुलीशी होती. तिनं मान वर न करता विचारलं, "खरा हाय ना?"

"खरा हाय," बाबुजी म्हणाले.

"मंग झालं तं," असं म्हणून तिनं माझी भाकर तव्यावर टाकली.